समोरच्या बाकावरचे साडू

माझे थोरले साडू उभ्या आयुष्यात कुठल्याही गोष्टीला पहिल्या दमात 'हो' म्हणालेले नाहीत. चहा घेता का, असं विचारलं की ते आधी 'आत्ता काहून?' म्हणतात, मग साखर किती टाकणार ते विचारतात, मग दूध गाईचं की म्हशीचं याची चौकशी करतात आणि एवढं सगळं होऊन जो चहा समोर येतो तो शेवटच्या थेंबापर्यंत पितात. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली की हीच का, दुसरी का नाही, आणि नाहीच घेतली तर काय होईल, असे तीन प्रश्न ठरलेले. एका डॉक्टरांनी तर वैतागून त्यांना स्वतःच्या खुर्चीवर बसायला सांगितलं होतं. साडू बसले नाहीत. 'ती जागा तुमची. माजी समोर,' म्हणाले.

लग्नाच्या वेळीही त्यांनी हेच केलं. माझ्या बायकोची थोरली बहीण, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, तिला बघायला ते पुसेगावला आले होते. पोहे झाले, मोठ्यांचं बोलणं झालं, दोन्हीकडची मंडळी खूश. आता तारीख धरायची, तेवढ्यात नवरदेव अक्काकडे वळून म्हणाले, "तुमची काही हरकत?" अक्कानं मान हलवून नाही म्हटलं. "न्हाई असं कसं? विचार करून सांगा. एकतरी हरकत असायला पाह्यजे." माझे सासरे घामाघूम. अक्का खाली मान घालूनच म्हणाली, "तुमी लई बोलता, येवढी एक हाय." साडूंनी समाधानानं मान डोलावली आणि तारीख धरा म्हणाले.

हे वेड त्यांच्या नोकरीतून आलं होतं. आमच्या हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावाहून दोन-तीन कोसांवर त्यांचं खेडं. तिथून दहावी होऊन ते एका नातलगाचा हात धरून मुंबईला गेले आणि विधानभवनात शिपाई म्हणून लागले. नोकरीतली बहुतेक वर्षं त्यांनी विरोधी पक्षनेत्याच्या दालनाच्या दाराशी काढली. काल समोरच्या बाकावरून सरकारवर तुटून पडणारा नेता आज पलीकडे जाऊन मंत्री व्हायचा, पलीकडचा हरून इकडे यायचा, दारावरची पाटी बदलायची, आतले सोफे बदलायचे. साडू मात्र त्याच दारात उभे. त्यांना कुणी विचारलं, की तुम्ही कोणत्या पक्षाचे, तर म्हणायचे, "मी दालनाचा." दालनाच्या भिंतीवर एक स्पीकर होता, त्यातून सभागृहातलं बोलणं ऐकू यायचं. कपबशा विसळता विसळता साडूंनी वर्षानुवर्षं ते ऐकलं. हरकतीचा मुद्दा कधी काढायचा, आवाज कुठे चढवायचा, मंत्र्यानं गोलगोल उत्तर दिलं की उपप्रश्न कसा टाकायचा, हे सगळं त्यांच्या अंगात भिनलं. निवृत्त होऊन गावी आले तेव्हा सोबत दोन पेट्या आणि हे सगळं आलं.

बसणं त्यांना माहीत नाही. खुर्चीच्या अगदी कडेला टेकायचं, एक पाय पुढे काढून ठेवायचा, जणू आतून घंटी वाजली की पुढच्या क्षणाला उठायचं आहे. आमच्याकडे हिंगोलीला आले की जेवणाआधी गॅलरीत त्यांच्या पन्नासेक फेऱ्या होतात. जीपमध्ये बसले की गोरेगाव येईपर्यंत ड्रायव्हरला विचारणार, गाडी भरली असताना आणखी दोघं का घेतली, घेतली तर पुढं का बसवली. एकदा तर उत्तर पटलं नाही म्हणून रस्त्यात उतरून चालत निघाले. ड्रायव्हरनं थोड्या वेळानं जीप मागे आणून त्यांना पुन्हा बसवलं, कारण, तो म्हणाला, बाबा नसले की गाडीत करमत नाही.

घरीही तेच. अक्कानं दोन दिवस लागोपाठ शेपूची भाजी केली की ताटावरून उठायचे, "या भाजीचा निषेध करून मी बाहेर जाऊन राहिलो," असं जाहीर करायचे आणि ओट्यावर जाऊन उभे राहायचे. दहा मिनिटांनी मुकाट्यानं परत येऊन तीच भाजी भाकरीबरोबर खायचे. माझी बायको पहिल्यांदा हे बघून हसली, तर त्यांनी तिला गंभीरपणे समजावलं, "बाई, सभात्याग केला की परत यावं लागतं. बाहेरच राह्यलो तर पुढच्या विषयावर बोलंल कोन?"

आमच्या नव्या घराचा गृहप्रवेश झाला तेव्हाची गोष्ट मला अजून टोचते. पाहुणे घराचं कौतुक करत होते, मीही जरा तरंगतच होतो. साडू एकटेच भिंतींवर बोटांनी टकटक करत फिरत होते. जेवणाची पंगत बसल्यावर सगळ्यांसमोर म्हणाले, "सर, ती मागची भिंत वल धरंल. मिस्त्रीला इचारलं व्हतं का तुमी?" मी शाळेत शिक्षक. नातेवाइकांत मला सर म्हणतात ते एरवी बरं वाटतं, त्या दिवशी नाही वाटलं. दोन महिने मी त्यांच्याशी बोललो नाही. पावसाळ्यात मागच्या भिंतीवर ओलीचा हा एवढा डाग उमटला आणि दुसऱ्या सकाळी साडू गोरेगावाहून एक जुना, हात बसलेला गवंडी घेऊन दारात हजर. माझ्या बायकोनं अक्काला फोनवर सांगितलं असणार. दोन दिवस साडू स्वतः घमेली उचलत होते. 'मी म्हटलं नव्हतं का' हे वाक्य माझे कान सतत वाट बघत असूनही एकदासुद्धा आलं नाही. मी आभार मानायला लागलो तर म्हणाले, "आभार राहू द्या. तवा मिस्त्रीला काहून न्हाई इचारलं, ते सांगा."

असा हा माणूस गावच्या ग्रामसभेत कसा वागत असेल, याची कल्पना करा. निवृत्त होऊन आल्यापासून एकही सभा त्यांनी सोडली नाही. कागद घडी करून खिशात, चष्मा दोरीनं गळ्यात. गावात त्यांना कुणी 'विरोधी पक्षनेते' म्हणायचं, कुणी नुसतं 'साहेब'. ग्रामसेवक त्यांना टाळून मागच्या रस्त्यानं यायचा.

मग एका निवडणुकीला गावचं सरपंचपद अनुसूचित जातीच्या महिलेसाठी राखीव सुटलं. गावात आबा म्हणून एक मोठे बागाईतदार आहेत. गावातले बरेच निर्णय आधी त्यांच्या गोठ्यासमोरच्या बाजेवर होतात आणि मग ग्रामपंचायतीत. आबांनी डोकं लढवलं. साडूंच्या बायकोलाच सरपंच करावं आणि तेही बिनविरोध. म्हणजे सरपंचबाईंचा नवरा म्हणून साहेब आपोआप टेबलाच्या या बाजूला येतील, मुंबईची त्यांची माहिती गावाच्या कामी येईल आणि मुख्य म्हणजे त्यांचं तोंड बंद होईल. "आता बायकोलाच इरोध करतो का त्यो?" असं आबा हसून म्हणाले म्हणतात.

अक्का आधी घाबरली. मग तिनं आम्हाला फोन करून विचारलं, मग वस्तीतल्या बायकांनी विहारात तिला घेरून बसवलं आणि ती तयार झाली. साडूंना बायको उभी राहते याबद्दल काही म्हणायचं नव्हतं. त्यांना खटकला तो 'बिनविरोध' शब्द. माझ्या देखत त्यांनी जे केलं ते मी दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मानलं नसतं. अर्ज भरायच्या दिवसांत ते वस्तीतल्या घराघरांत जाऊन बायकांना सांगत होते, "माज्या बायकोच्या इरोधात उभं राहा. फारम मी भरून देतो." बायका पदरात तोंड घालून हसत होत्या. एका म्हातारीनं काळजीनं विचारलं, "काहून वो, भांडण झालं का तुमचं?" कुणीच उभं राहिलं नाही. अर्ज मागे घ्यायच्या दिवशी अक्काच्या कपाळाला गुलाल लागला, फटाके वाजले. साडूंकडे ताट आलं तेव्हा त्यांनी ते पुढे सरकवलं. "येका बी बाईनं इरोध केला न्हाई. मंग गुलाल कशाचा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघालो तेव्हा ते अक्काला अंगणात उभं करून सांगत होते. "सही करायच्या आदी वाच. समजलं न्हाई तर ग्रामसेवकाला इचार, सरांना इचार, गोरेगावच्या शाळेतल्या बाईला इचार. मला इचारू नको."

"अन् तुमाला काहून न्हाई?"

"मी तिकडचा माणूस हाय."

अक्काला ते तेव्हा चेष्टेचं वाटलं. मलाही.

पहिल्या ग्रामसभेला ग्रामसेवकानं टेबलामागे दोन खुर्च्या मांडल्या होत्या, एक सरपंचबाईंची आणि शेजारची, तिच्यावर छोटी उशीसुद्धा, सरपंचबाईंच्या यजमानांची. तालुक्यात पुष्कळ गावांत ती दुसरीच खुर्ची बोलते, हे मला शाळांच्या निमित्तानं फिरताना दिसलेलं आहे. साडू आले, त्यांनी ती उशी उचलून ग्रामसेवकाच्या हातात दिली, शाळेच्या वर्गातून एक लाकडी बाक ओढत आणला, तो टेबलाच्या बरोबर समोर, दहा हातांवर ठेवला आणि त्यावर जाऊन कडेला टेकले.

विषय होता पाण्याच्या नव्या टाकीचा. जागा ठरलेली होती, फाट्याजवळ, आबांच्या शेताला लागून. ठराव लिहून तयार होता. ग्रामसेवकानं तो वाचला, आबांनी 'मंजूर, मंजूर' म्हटलं, मागून चार आवाज आले. साडू उठले.

"सरपंच महोदया," ते म्हणाले, आणि चाळीस वर्षांत त्यांनी कधी हाक मारली नसेल अशा नावानं बायकोला हाक मारली, "फाट्याजवळची जागा सखल हाय. ओढ्यापल्याडची वस्ती उंचावर हाय. टाकीतलं पानी वर कसं चढंल?"

अक्कानं ग्रामसेवकाकडे पाहिलं. ग्रामसेवकानं कागदाकडे पाहिलं.

"साहेब, घरचं घरी बोला की," आबा म्हणाले आणि सगळी सभा हसली.

"घरचं असतं तं घरी बोललो असतो," साडू आबांकडे न बघता म्हणाले. "मोजणी झाली का, महोदया? कुनी केली? कागद कुठं हाय?"

अक्कानं ठरावाचा कागद बाजूला सारला. "पुढच्या सभेला सांगते," एवढं ती म्हणाली आणि सभा तहकूब झाली. लोक हसत हसत उठले. त्यांना त्या दिवशी टाकी दिसली नाही, नवराबायकोचं भांडण दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या जीपनं अक्का आमच्या घरी आली. पिशवी खाली ठेवली आणि माझ्या बायकोच्या गळ्यात पडून रडली. "येवढी वर्सं ज्याला करून घातलं, त्यानं साऱ्या गावात माजी लाज काढली," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. राजीनामा देते, म्हणाली. माझ्या बायकोनं मला डोळ्यांनी खूण केली, की जा आणि त्या माणसाला जाब विचारा.

मी गेलो. रागातच गेलो होतो. साडू अंगणात फेऱ्या मारत होते. चुलीजवळ एक करपलेली भाकरी पडली होती, अर्धी खाल्लेली. मी जयभीम घातला तो त्यांनी चालता चालताच घेतला.

"जेवते का ती?" त्यांनी विचारलं.

"जेवत नाही. रडते. हे तुम्हाला घरी नसतं का सांगता आलं आदल्या दिवशी? टाकी सखलात जाते म्हणून?"

"सांगता आलं असतं."

"मग?"

"घरी सांगितलं असतं तं तिनं ऐकलं असतं. जागा बदलली असती. अन् गाव काय म्हनलं असतं? नवऱ्यानं बदलली. पाच वर्सं मंग तेच. मी बोलनार अन् ती सही करनार." ते विहिरीच्या बाजूला वळले, परत आले. "आता काय व्हईल ते तिचं व्हईल. चुकलं तरी तिचं."

"पण तिला किती लागलं ते पाहिलं का तुम्ही?"

ते थांबले. मी त्यांना इतका वेळ एका जागी उभं राहिलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं.

"सर, येकदा आपल्याच भागातून काही बाया मुंबईला आल्या व्हत्या. पान्याचाच प्रश्न. दालनातल्या साहेबांनी त्यांचा कागद घेतला, म्हनले, आज मांडतो. बाया दालनाबाहेर बाकावर बसल्या. दुपारी प्रश्न पुकारला. मी स्पीकरला कान लावून व्हतो. साहेब उठलेच न्हाईत. अध्यक्ष पुढच्या प्रश्नावर गेले. काहून उठले न्हाईत, मला आजवर ठाऊक न्हाई. इसरले असतील, कुनी थांबवलं असंल. मी बाहेर आलो तं त्यातली येक मला म्हनली, झाला का आमचा प्रश्न? मी त्यांना पानी दिलं, सर. थंड. अन् म्हनलं, व्हय, झाला. खोटं बोललो. त्या मला हात जोडून गेल्या."

त्यांनी पुन्हा फेऱ्या सुरू केल्या.

हिंगोलीला येऊन मी अक्काला सगळं जसंच्या तसं सांगितलं. ती भिंतीला टेकून ऐकत होती. मग पदरानं तोंड पुसून विचारलं, "टाकीची मोजणी कोन करतं वो, सर?" दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून तिच्याबरोबर पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात गेलो. साहेब मीटिंगला होते. अक्का बाकावर बसून राहिली. दुपारी मी म्हटलं उद्या येऊ, तर म्हणाली, "तुमी जा. मी हाय." तीन दिवस ती त्या बाकावर बसली. चौथ्या दिवशी एक तरुण अभियंता तिपाई आणि दुर्बिणीसारखं ते मोजणीचं यंत्र घेऊन तिच्याबरोबर गावात गेला. फाटा, ओढा, वस्ती, शाळेमागचा माळ, सगळीकडे त्यानं यंत्र लावलं आणि अक्का प्रत्येक ठिकाणी त्याच्या शेजारी उभी राहून आकडे आपल्या वहीत उतरवत होती. साडू लांबून बघत होते. जवळ गेले नाहीत. एवढा वेळ लांब राहताना त्यांची काय तगमग झाली असेल ते त्यांच्या चपलांना माहीत.

पुढच्या सभेला मी मुद्दाम गेलो. साडूंनी दोन्ही बाजूंनी भरलेला कागद आणला होता. टाकी कुठे, उंची किती, पाइप कुठून, मधे कुणाचं शेत, वीज गेली तर काय, टाकी धुणार कोण. अक्का वही उघडून एकेकाला उत्तर देत गेली. पहिल्या दोन उत्तरांना तिचा आवाज कापला. तिसऱ्याला तो सरळ झाला. पाचव्याला ती चिडली आणि म्हणाली, "त्याचं उत्तर मगाशी दिलं. ऐकत जा." सभा हसली, पण या वेळेचं हसू वेगळं होतं. आबांनी मध्ये काही बोलायचा प्रयत्न केला, तर वस्तीतल्या बायका मागून ओरडल्या, "बोलू द्या तिला!" टाकी शाळेमागच्या माळावर जायची ठरली. साडूंनी कागद घडी करून खिशात टाकला आणि न बोलता बाहेर गेले. त्या संध्याकाळी अक्कानं घरी काय केलं ते मी विचारलं नाही. पण मी निघताना चुलीवर वांग्याचं भरीत होतं आणि ते साडूंना आवडतं.

टाकी झाली. वस्तीत पाणी आलं त्या दिवशी बायकांनी अक्काला नळापाशी नेऊन ओवाळलं. साडू तोपर्यंत सगळ्यात शेवटच्या घरापर्यंत जाऊन, तिथल्या नळाखाली बादली लावून, ती भरायला किती वेळ लागतो ते घड्याळात बघत होते. पुढच्या सभेचा पहिला प्रश्न तोच होता.

त्यानंतर मग विधानसभेच्या निवडणुका झाल्या आणि साडूंच्या जिवाला खरा घोर लागला. नव्या सभागृहात विरोधी पक्षनेत्याची जागा भरलीच नाही. रोज सकाळी त्यांचा मला फोन. "सर, पेपरात काय हाय? भरली का जागा?"

"नाही."

"काहून?"

"कुठल्याच विरोधी पक्षाकडे पुरेसे आमदार नाहीत म्हणतात."

"माणसं कमी झाली तं बोलायची गरज वाढली, का कमी झाली?"

मुंबईतल्या एका जुन्या सहकाऱ्याला फोन करून त्यांनी विचारलं, की दालनात आता कोण बसतं. तो काय म्हणाला ते त्यांनी मला सांगितलं नाही. अध्यक्षांना त्यांनी पत्र लिहिलं, रजिस्टर पोस्टानं पाठवलं, पोच आली ती पाकिटात जपून ठेवली. गावातली मंडळी त्यांना विचारायची, की साहेब, तुमचा आता नेमका पक्ष कोणता, कुणासाठी जीव टाकता. साडू चिडायचे. "कोन्याबी पक्षाचा बसवा. खुर्चीत माणूस पाह्यजे." त्यांची पायपीट वाढली. अक्काला न सांगता जीपनं हिंगोली गाठायचे, तिथून वाशिमच्या गाडीनं कनेरगाव नाक्यापर्यंत जायचे आणि धाब्यावर चहा पिणाऱ्या अनोळखी माणसांना विचारायचे, "तुमच्या आमदाराला इचारलं का, जागा रिकामी काहून?" ट्रकवाले त्यांना एखाद्या पक्षाचा माणूस समजून चहा पाजायचे. एकदा मी त्यांना तिथून घेऊन आलो. परतीच्या वाटेवर ते म्हणाले, "सर, येवढी मोठी जागा रिकामी राहू शकते. मंग माजा बाक कोन धरंल?"

याच सुमारास त्यांचे कान गेले. त्यांच्या स्वभावामुळे ते बरेच दिवस कुणाच्या लक्षातच आलं नाही. हा माणूस एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतो, यात आम्हाला नवल ते काय वाटणार! मी फोनवर तीनतीनदा तेच सांगत होतो आणि समजत होतो की त्यांना पटत नाही. शेवटी अक्कानंच ओळखलं. एक दिवस तिनं मागून शेपूची भाजी झाल्याचं सांगितलं आणि ते निषेध न करता शांत बसून राहिले. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की फारसं काही होण्यासारखं नाही. कानात घालायचं यंत्र आणलं, ते शिट्टी वाजवायचं. साडूंनी चार दिवस घातलं, मग पेटीत ठेवून दिलं.

गेल्या महिन्यात ग्रामसभा होती. मी गेलो होतो, कारण अक्कानं फोन करून बोलावलं होतं. "या. ते ऐकत न्हाईत, अन् येतो म्हनून राह्यले," असं ती म्हणाली. बाक त्याच जागी होता. साडू काठी टेकत आले, कडेला टेकले. ओढ्यावरच्या छोट्या पुलाचा, साकवाचा विषय निघाला तसे उठले.

"सरपंच महोदया, साकवाचं काम अर्ध्यावर काहून थांबलं?" स्वतःला ऐकू येत नसल्यामुळे आवाज फार मोठा लागला. झाडावरची पाखरं उडाली.

अक्का उत्तर द्यायला लागली. दोन वाक्यं बोलली आणि थांबली. साडू तिच्या तोंडाकडे बघत होते, भुवया आकसून, काहीही न कळणाऱ्या माणसासारखे. मग अक्का खुर्चीवरून उठली, टेबलाला वळसा घालून ते दहा हात चालत आली, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून वाकली आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगायला लागली, "ठेकेदार काम टाकून गेला, त्याला नोटीस..."

साडूंनी मान मागे घेतली.

"न्हाई. हे चालनार न्हाई," ते त्याच मोठ्या आवाजात म्हणाले. "कानात सांगितलं तं ते मला सांगितलं. सभेला न्हाई. जाग्यावर जाऊन सांगा. समद्यांना ऐकू जाईल असं सांगा."

"पन तुमाला ऐकू येत न्हाई ना!" अक्का ओरडून म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

ते त्यांना ऐकू आलं असावं. "मला न्हाई आलं तरी चालंल," ते म्हणाले.

अक्का परत गेली. खुर्चीत बसली नाही, टेबलामागे उभी राहिली आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात तिनं साकवाचं सगळं सांगितलं, ठेकेदार, नोटीस, तालुक्याच्या खेपा, पुढं काय ठरलं ते. सांगताना ती साडूंकडे बघत नव्हती, लोकांकडे बघत होती. साडू काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. उत्तर संपेपर्यंत ते बसले नाहीत. त्यांना त्यातला एक शब्दही कळत नव्हता, हे मला शेजारून दिसत होतं. ते मान वळवून सारखे माणसांच्या तोंडांकडे बघत होते, या रांगेकडून त्या रांगेकडे, अस्वस्थपणे, आणि मागच्या बायकांनी एकमेकींकडे पाहून माना डोलावल्या तेव्हा कुठे त्यांनी बाक चाचपला आणि हळूच खाली बसले.